समाधानाचा भाव काढणारे मावसाजी

आमच्या मावसाजींसारखा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही. हे मी उगाच तोंडाला येईल ते सांगत नाही, कारण चार ठिकाणी ताडून पाहिल्याशिवाय कुठलीही गोष्ट कबूल करायची नाही हा मावसाजींचाच दंडक होता आणि त्यांच्या हाताखाली काम केल्यामुळे तो मलाही थोडाफार चिकटला आहे. मावसाजी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. मूळचे साखरखेर्ड्याचे, पण पोटापाण्यासाठी खामगावात येऊन तिथल्या एका जिनिंगचे मॅनेजर झालेले. कापसातली सरकी काढून रुई मोकळी करायचा तो कारखाना. महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं आणि मीही नुकताच मॅट्रिक झालो होतो. राज्याचं पुढे काय होणार याची चिंता करणारे पुष्कळ होते, माझी चिंता करणारे एकटे मावसाजी निघाले. त्यांनी मला जिनिंगमध्ये कारकून म्हणून लावून घेतलं आणि राहायला आपल्याच घरी नेलं. त्यामुळे हा माणूस मला कचेरीत आणि घरी, अशा दोन्ही पाळ्यांत पाहायला मिळाला.

अंगात काळा कोट, खाली धोतर, डोक्यावर टोपी, आणि भुवयांवर बारा महिने रुईचे तंतू. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, भुवया पिकून पांढऱ्या झाल्या. जवळून पाहणाऱ्याला शिंक यावी. बोलताना रंगात आले की चष्मा कपाळावर चढायचा आणि मग तोच चष्मा ते घरभर शोधायचे. रंगात यायला त्यांना कारणही लागत नसे. 'कसं काय, बरं आहे ना?' असं कोणी वाटेत विचारलं की आपण 'हो' म्हणून पुढे जातो. मावसाजी सायकलवरून खाली उतरायचे. स्टँड लावायचे. आणि विचारणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "बरं हाय, पण कोणाच्या मानानं?" तो बिचारा बाजारात कांदे घ्यायला निघालेला असायचा. एकदा त्यांना हिवताप भरला. डॉक्टर थर्मामीटर पाहून म्हणाले, ताप बराच आहे. दोन गोधड्यांखालून मावसाजींचा आवाज आला, "या गल्लीत सध्या चालू ताप किती हाय, डॉक्टरसाहेब?" त्यांचं म्हणणं एवढंच होतं की कापसाचा भाव जसा एकट्या शेतकऱ्याच्या घरात ठरत नाही, तो बाजारात फुटतो, तसं सुखदुःखाचंही आहे. घरात बसून माणसाला काय कळणार?

मावशी या सगळ्याला पुरून उरली होती. एका संध्याकाळी ती चुलीपुढे भाकरी थापत होती आणि मावसाजी पाटावर बसून तिच्याकडे फार विचारपूर्वक पाहत होते.

"अवं, तू समाधानी हाय का?"

"हाव," मावशी म्हणाली. तव्यावरची भाकरी फुगत होती.

"तसं नाही. शेजारच्या वकिलीणबाईच्या मानानं?"

मावशीनं भाकरी उलथली, पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "वकिलीणबाईचा नवरा जेवताना काही इचारत नाही म्हणे. तेवढ्यात ती पुढं हाय." मावसाजी खूश! त्यांनी मांडीवर थाप मारली आणि माझ्याकडे वळले. "पाह्य बापू, असं उत्तर पाहिजे! आता समजलं आपण कुठं कमी पडून राह्यलो!" आणि पुढे चांगला आठवडाभर ते जेवताना गप्प बसले. मावशीला तो आठवडा फार जड गेला, हे तिनं मला नंतर सांगितलं.

तर असा हा माणूस, आणि त्याला एके दिवशी जिनिंगच्या मालकांनी, म्हणजे शेटजींनी, एक प्रश्न विचारला. शेटजी मुंबईला जाऊन आले होते. तिकडच्या कुठल्याशा गिरणीच्या मालकानं त्यांना सांगितलं की हल्ली नुसतं यंत्राला तेल घालून भागत नाही, कामगार मनातून राजी आहेत की नाहीत हेही बघावं लागतं. शेटजी कचेरीत आले, गादीवर बसले आणि म्हणाले, "मॅनेजरसाब, आपले लोक खूश हायेत ना?" दुसरा कोणी असता तर 'आपल्या कृपेनं' म्हणून मोकळा झाला असता. मावसाजींचा चष्मा कपाळावर गेला. "शेटजी, हे इथं बसून सांगता येत नाही. गावातल्या बाकीच्या जिनिंगी पाहा लागतील. तिथले लोक किती खूश हायेत, मंग आपले किती, मंग सांगतो." शेटजींना वाटलं, मॅनेजर फार शिकलेलं बोलतोय. त्यांनी परवानगी दिली. आणि कापसाचा हंगाम ऐन भरात असताना आमची स्वारी गावभरच्या जिनिंगी धुंडाळायला बाहेर पडली.

काय दिवस होते ते! सकाळी कचेरीचं काम उरकायचं आणि दुपारी दोन सायकली बाहेर काढायच्या. मावसाजींनी समाधान ओळखायच्या आपल्या खुणा ठरवल्या होत्या. पहिली भोंग्याची. सुटीचा भोंगा झाला की आम्ही परक्या जिनिंगच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर बसायचो आणि बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे पाहायचो. पाय ओढत येतात की उड्या मारत, घोळक्यानं येतात की एकेकटे. दुसरी खूण पाण्याची. कुठल्याही जिनिंगमध्ये गेले की मावसाजी आधी कामगारांच्या माठातलं पाणी प्यायचे, आणि ते असं तोंडात घोळवून, की पाहणाऱ्याला वाटावं यांना आता भविष्य दिसणार. तिसरी खूण शिव्यांची, आणि ही त्यांची सर्वांत लाडकी. कामगार आपल्या मॅनेजरला मोकळेपणानं, हसत हसत शिव्या देत असतील तर ती जागा चांगली. आवाज खाली आणून देत असतील तर वाईट. मॅनेजरचं नाव काढताच सगळे गप्प झाले तर तिथून आपणही उठावं. "आपल्याले शिव्या देतेत का रे?" त्यांनी मला एकदा विचारलं. मी देतात म्हणालो. "हसून?" मी हो म्हणालो. त्या दिवशी त्यांनी मला जिलबी खाऊ घातली.

स्टेशनजवळच्या मोठ्या जिनिंगमध्ये मात्र परक्या माणसाला आत सोडत नसत. मावसाजींनी वेषांतर करायचं ठरवलं. ओळखीच्या एका शेतकऱ्याची कापसाची गाडी तिकडे निघाली होती. त्याच्या शेजारी मावसाजी डोक्याला मुंडासं गुंडाळून बसले, मागे कापसावर मी. मुंडासं झकास होतं. पण खाली चष्मा तसाच, आणि पायात कचेरीतले बूट. फाटकावरच्या चौकीदारानं विचारलं, "कापूस कुठला, पाटील?"

"साखरखेर्ड्याचा," मावसाजी म्हणाले. इथवर ठीक होतं. शेतकऱ्यानं यानंतर भाव विचारायचा असतो. मावसाजींनी गाडीतून वाकून विचारलं, "तुमच्या इथल्या बाया कामावर असताना गाणे म्हणतेत का?"

चौकीदारानं त्यांचे बूट पाहिले आणि गाडी अडवली. पाच मिनिटांत आम्ही दोघे चौकीत बसलो होतो आणि समोर तिथले मॅनेजर उभे होते. धिप्पाड, पिळदार मिशांचे. त्यांनी मावसाजींना तत्काळ ओळखलं. "अरे वा! आमचे माणसं फोडाले आले वाट्टे!"

"माणसं फोडाले नाही, साहेब," मावसाजी मुंडासं सोडत शांतपणे म्हणाले. "माणसं कशी हायेत ते पाहाले आलो. आता भेटलेच हाय तं तुमच्यापासूनच सुरुवात करतो. तुम्ही समाधानी हाय का?"

त्या धिप्पाड माणसानं तोंड उघडलं, ते ओरडण्यासाठी. पण ओरडायचं राहिलं. खुर्ची ओढून तो खाली बसला. आणि मग जे सुरू झालं! मालक काडीचं ऐकत नाही, मालकाचा साळा रोज येऊन चुका काढतो, हंगामात बायकोच्या माहेरच्या लग्नालाही जाता आलं नाही, आणि गेल्या इतक्या वर्षांत हा प्रश्न एकानंही विचारला नाही. चहा आला, पुन्हा चहा आला. निघताना त्यानं मावसाजींना मिठी मारली आणि आपण होऊन सगळी जिनिंग फिरवून दाखवली. परतीच्या वाटेवर मावसाजी रिकाम्या गाडीच्या फळीवर ताल धरून म्हणाले, "बापू, कामगारांत ते अन् आपण बरोबरीचे. पण मॅनेजरात आपण लय पुढं!"

राहता राहिली नांदुऱ्याच्या रस्त्यावरची एक मोडकी जिनिंग. गळके पत्रे, जुनाट यंत्रं, मजुरी आमच्यापेक्षा कमी, गावापासून लांब. तिथे जायचीही गरज नाही असं मी म्हणालो. पण मावसाजी एकही जागा सोडणारे नव्हते. फाटकापाशी पोचलो तर आतून गाण्याचा आवाज. यंत्रांच्या घरघरीवर चढून बाया गात होत्या. मावसाजींचे डोळे चमकले. दुपारची सुटी झाली, बाया बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली बसल्या आणि एकीनं पटकन पदर तोंडाला लावला. मावसाजींनी तिला ओळखलं. ती कौतिकाबाई. आदल्याच हंगामापर्यंत आमच्याकडे रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस लावायला होती.

"कौतिका, तू इथं? आपली जागा काऊन सोडली?"

तिनं लेकराला मांडीवर ओढून घेतलं. मावसाजींनी आपला नेहमीचा पाढा सुरू केला. आपल्याकडे मजुरी जास्त, पाणी गोड, पत्रे शाबूत. ती सगळ्याला 'हाव' म्हणाली. मग मांडीवरच्या लेकराच्या तोंडावरची माशी हाकलत म्हणाली, "तुमच्या इथं सारं चांगलं होतं, साहेब. पन लेकराले फाटकाबाहेर ठेवा लागे, याच्या बहिणीपाशी. तिथून रडलं का मले आयकू ये. उठता येत नसे. इथं झाडाले झोळी बांधू देतेत."

लेकरं आत आणायची नाहीत हा नियम शेटजींचा नव्हता. तो मावसाजींनीच केला होता, आणि वाईट हेतूनं नव्हे. यंत्रांचे पट्टे, उडणारी रुई, आगीची भीती. नियम बरोबरच होता. फक्त फाटकाबाहेर रडणारं पोर त्यांच्या कचेरीत ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी परतताना ते सायकलवर बसलेच नाहीत. हातात धरून चालत राहिले. मीही चाललो.

संक्रांतीच्या दुपारी शेटजींनी जिनिंगच्या आवारात तिळगूळ ठेवला होता. गावातले बाकीचे मालक पाहुणे म्हणून आले होते, कामगार एका बाजूला बसले होते. शेटजी मोठ्या उत्साहात उभे राहिले. "आमच्या मॅनेजरसाबनी साऱ्या जिनिंगी फिरून पाहिल्या हायेत. सांगा साहेब, आपला नंबर कितवा?" मी मावसाजींच्या शेजारीच होतो. ते टोपी सारखी करून उठले.

"मजुरीत आपण वर," ते म्हणाले. "पाण्यात वर. शिव्यांत तं सगळ्यात वर." बाया खिदळल्या. "पण नांदुऱ्याच्या रस्त्यावर एक मोडकी जिनिंग हाय. ती आपल्या वर हाय. आपल्या बाया तिकडं चालल्या, अन् त्याचं कारण मी हाय." आणि त्यांनी सगळं सांगितलं, झोळीचं, फाटकाचं, रडण्याचं. त्या मोडक्या जिनिंगचा मालक मागच्या खुर्चीवर होता. आपली स्तुती होते आहे हे कळायला त्याला जरा वेळ लागला. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. शेटजींचा चेहरा पडला. "उद्या सकाळी भेटा," एवढंच ते म्हणाले.

घरी आम्ही धरून चाललो की नोकरी गेली. मावशीनं ऐकून घेतलं आणि मावसाजींच्या ताटात जास्तीचं तूप वाढलं. "बोललेत ते चांगलं केलं," ती म्हणाली. एवढंच. मावसाजी एकाएकी ताजेतवाने झाले आणि नोकरी गेलेल्या माणसांत आपण बऱ्यापैकी वर असू, कारण त्यांना तूप मिळत नसावं, असं मला समजावून सांगू लागले.

सकाळी शेटजी कचेरीत न बसता आवारात उभे होते. रागावलेले होतेच. "पाहुण्यांसमोर माझी अब्रू घालवली तुम्ही." मग सरकीच्या गोदामामागच्या रिकाम्या पडवीकडे बोट दाखवून म्हणाले, "ती जागा साफ करा. यंत्रापासून लांब हाय. पाळणे बांधा, एक म्हातारी ठेवा लेकरांपाशी. अन् पुन्हा तिळगुळाच्या टायमाले खरं बोलू नका." मावसाजींनी शेटजींचे दोन्ही हात धरले. शेटजी इतके गोंधळले की त्यांनीच मान लववली.

त्यानंतरच्या दिवसांत मावसाजींचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. दोऱ्या आणल्या, जुनी लुगडी मिळवली, प्रत्येक झोळीत स्वतःच्या हातानं वजन टाकून पाहिलं. एकीत तर मला बसवून पाहणार होते. सगळं तयार झाल्यावर आम्ही नांदुऱ्याच्या रस्त्यावर सायकली पिटाळल्या. कौतिकाबाईला बातमी द्यायची होती. तिनं ती ऐकली, तोंडभरून हसली आणि म्हणाली, "लय पुण्याचं काम केलं, साहेब. बाकीच्यांले सांगतो मी. पन मी काही येत नाही. माहं पोट्टं आता चालाले लागलं. अन् या बायांत मन रमलं माहं."

मला वाटलं, मावसाजी खचणार. छे! चष्मा कपाळावर. "बापू! आयकलं का? मन रमणं! हे तं आपण धरलंच नव्हतं! पुन्हा फिरा लागते साऱ्या जिनिंगी!" आणि ते खरोखरच फिरले.

पुढे मला अकोल्याला नोकरी लागली आणि मी खामगाव सोडलं. काही वर्षांनी मावसाजीही काम सोडून साखरखेर्ड्याला परतले. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते ओसरीवर बसले होते. भुवया आता खरोखरच पांढऱ्या होत्या. मावशीनं मला दारातच सांगितलं की त्यांना ऐकू येत नाही. यंत्रांच्या घरघरीत जन्म काढलेल्या माणसांचं होतं तसं त्यांचं झालं होतं. मला पाहून त्यांना फार आनंद झाला. शेजारी बसवून घेत त्यांनी विचारलं, "कसं चाललं, बापू?" मी सांगत राहिलो. नोकरीचं, बायकोचं, मुलीचं, वरच्या साहेबाच्या कटकटीचं. ते मान डोलावत होते. मग माझ्या लक्षात आलं की एक शब्दही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. ते नुसते माझ्या तोंडाकडे, डोळ्यांकडे एकटक बघताहेत. माझं बोलणं संपलं, तरी ते बघतच राहिले. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "थकला हायस. आज राहून जाय."

मला संध्याकाळची गाडी धरायची होती. मी राहिलो.