शिवेवरचं जंगल

सोसायटीच्या मागची झाडी तोडायला मशीन आलं, तेव्हा मी प्लास्टिकची खुर्ची घेऊन त्याच्या पुढ्यात बसलो. त्या करंज-बाभळींत आमच्या गावच्या शिवेचा देव आहे, हातभर दगड. पार्किंगसाठी देव हलवायचा, हे मला मान्य नव्हतं.

सेक्रेटरी म्हणाला, "काका, उठा. जंगल माजलंय नुसतं. साप निघतात."

"जंगल हाय ना? मंग हात लावायचा नाय. शब्द आपला हाय, इंग्रजानं इथनंच उचलला. जंगल म्हंजे दाट झाडी, पयल्यापासून."

मी चौथीपर्यंत शिकलो, पण माझा आवाज चढला की समोरचा गप्प होतो. हा झाला नाही. माझी सून शाळेत इंग्रजी शिकवते. त्यानं तिलाच खाली बोलावलं. "मॅडम, खरं काय ते सांगा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. माझ्या बाजूनं सांग, असं.

"शब्द आपल्याकडूनच गेला, बाबांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "पण मूळ संस्कृतात जांगल म्हणजे कोरडी, उघडी जमीन. झाडं तुरळक. मग पडीक रानाला जंगल म्हणायला लागले. दाट झाडी हा अर्थ इंग्रजीत गेल्यावर पक्का झाला."

"म्हणजे मोकळी जमीनच की," सेक्रेटरी हसला.

घरच्या सुनेनं, चारचौघांत. माझं डोकं तापलं. म्हणालो, "पुस्तक राहू दे. देवाला कौल लावू. तो सांगंल ते मी ऐकीन, तुमी पन ऐकायचं."

देवाशी वाकडं कोण घेणार? मशीन बंद झालं. मी दगड धुतला, दोन बाजूंना दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर तोडा, डावी पडली तर राहू दे.

पाकळ्या हलेनात. बघता बघता आठवलं, माझ्या लहानपणी इथं सावलीला झाड नव्हतं. मिठागराच्या बांधाकडेची भेगाळलेली जमीन आणि उन्हात बसलेला हा देव. जमिनी गेल्या, इकडं कुणी फिरकेना, तेव्हा झाडी माजली. सून खोटं बोलली नव्हती.

उजवी पडली.

"काका, पुन्हा लावा हवं तर," सेक्रेटरीच हळू म्हणाला.

कौल दोनदा लावत नाहीत. मी खुर्ची उचलली.

"पन देव हलनार नाय. ते इचारलं नव्हतं."

दुपारपर्यंत सगळं उघडं झालं. देव बापाच्या वेळी होता तसा उन्हात बसला. सून तांब्या घेऊन आली आणि त्याच्यावर पाणी ओतू लागली. मी म्हणालो, "सावकाश. तापलाय तो."