वाईट तासाचे मास्तर

त्रिविक्रमराव फळ्याशी बोलत. पाठ वर्गाकडे, तोंड फळ्याकडे, आणि पदार्थविज्ञान आपले पुटपुटत चाललेले. पोरे खुशाल झोपत. नोकरी हंगामी होती. साठ साली त्यांच्या बेंगळुरातल्या कॉलेजच्या प्राचार्यांनी बजावले, "अध्यापन केंद्राचा दाखला आणा, तरच कायम करू."

हे केंद्र विद्यापीठाने नुकतेच काढले होते, प्राध्यापकांना शिकवायचे कसे ते शिकवण्यासाठी. प्रमुख भीमाचार्य अमेरिका पाहून आलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी त्रिविक्रमरावांना सगळ्यांपुढे तास घ्यायला लावला आणि एकेक चूक वेचून दाखवली. विद्वान मंडळी पोट धरधरून हसली. त्रिविक्रमरावांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पण गडी चिवट. राजाजीनगरच्या घरी रोज बायकोला, अहल्याबाईंना शिकवू लागले. बाई पोळ्या लाटता लाटता ऐकत. कळले तर कानडीत "सरी", म्हणजे बरं, "पुढं बोला" म्हणत, नाही कळले की लाटणे थांबे. मग हे पुन्हा पहिल्यापासून. वर्ष गेले, आणि एक दिवस घंटा झाली तरी ऐकत बसलेली पोरे उठेनात. त्रिविक्रमरावांना आभाळ ठेंगणे झाले.

भीमाचार्यांनी मुद्दाम येऊन तास पाहिला. तास फक्कड झाला. आचार्यांचे तोंड मात्र उतरले.

"अण्णा, हे काय करून बसलात? वाईट तासाचा नमुना म्हणून मी आता दाखवू कुणाला? तुमच्या तोडीचं दुसरं कुणी साऱ्या बेंगळुरात नाही!"

"पण माझा दाखला?"

"तो नाही मिळायचा. केंद्रात कायम करून घेतो. स्वल्प पहिल्यासारखं शिकवा, एवढंच."

पोटापुढे कुणाचे चालते? त्रिविक्रमराव कायम झाले आणि वर्गाला कायमचे मुकले. दर तुकडीपुढे भीमाचार्य सांगत, "आता वाईट तास पाहा," की हे फळ्याकडे वळून पुटपुटू लागत आणि तुकडी चुका टिपत बसे.

एकदा नव्या तुकडीतल्या वसुमतीबाईंनी मध्येच विचारले, "सर, पाण्यातली काठी वाकडी का दिसते?" कितीतरी वर्षांनी कुणाला खरेच काही हवे होते. त्रिविक्रमरावांना राहवले नाही. ते वळले आणि जीव ओतून शिकवले. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. शेवटी त्यांचे डोळे भरून आले.

भीमाचार्य शांतपणे उठले. "हं, काढा चुका."

सगळ्यांनी माना खाली घालून लिहायला घेतले. सर्वांत जास्त चुका वसुमतीबाईंनी काढल्या.