रोज एक पिंजरा पुढं

आमच्या कोंबड्या अंडी देत न्हाईत, किस्से देतात! खायच्याच कोंबड्या त्या, अडीच-तीन महिन्यांत वाढवायच्या आन् विकायच्या, त्यात अंडं कुठलं? पण दोन वर्षांत किस्से एवढे साठलेत, की एखादीनं सहज जरी 'कोंबड्या बऱ्या हायेत का?' विचारलं, तरी मी चहा ठेवते आन् पदर खोचून बसते. मग तिचा चहा गार होतो, माझी चूक न्हाय.

आमी म्हणजे मी आन् माझी धाकटी जाऊ शोभा. लोहाऱ्याजवळ आमचं गाव. आमच्या दोघींच्या घराला मिळून परड्याएवढी जमीन, म्हणून पिंजरा ठेवला आप्पांच्या पडीक रानात. आप्पा म्हणजे शेजारचे लिंगायत म्हातारे. कपाळभर इबूत, घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी गेलेलं न्हाय! त्यांनी रान फुकट दिलं, पण अट घातली.

"रोज सकाळी म्या येनार. ज्या दिवशी वास आला, त्या दिवशी पिंजरा उचलायचा."

शोभा लगेच "व्हय" म्हणाली. दर दिवाळीला ती ढोकीकडं ऊसतोडीला जायची. कोंबड्या टिकल्या तर कोयता सुटणार, न्हायतर परत फडात. म्हणजे शोभाचा सगळा संसार आप्पांच्या नाकावर टेकलेला!

आता पिंजरा कसा, ते सांगते. पाइपाचा सांगाडा, बाजूनं जाळी, वर अर्ध्यात पत्रा, मागं सायकलीची दोन चाकं, पुढं दोरी आन् खाली तळच न्हाय. कोंबड्या गवतावरच असतात. रोज सकाळी पिंजरा त्याच्या लांबीएवढा पुढं ओढायचा. कालची घाण मागं राहते, आज कोरं गवत.

*

पहिल्या दिवशी मोठ्या हौसेनं आधी कोंबड्यांना पोटभर दाणा घातला आन् मग दोरी ओढली. एक पण हलंना! सगळ्या फतकल मारून बसलेल्या. मागचा पाइप त्यांच्या पायांवर यायला लागला, ही बोंबाबोंब. आमी तशीच दोरी सोडली.

मी म्हटलं, "आजारी पडल्या की काय गं?"

शोभा म्हणाली, "पोट भरल्यावर तुमचे दीर तरी जाग्यावरनं हलतेत का, आक्का?"

तवापासनं आधी ओढायचं, मग दाणा!

*

थंडीतल्या सकाळी रानात धुकं असतं. पिंजरा अगदी हळू ओढावा लागतो, मुंगीच्या चालीनं. कोंबड्या आतनं कुरकुर करत, गवत टोचत बरोबर चालतात. धुक्यात बांध दिसत न्हाय, झाड दिसत न्हाय. कधीकधी मला वाटतं, पिंजरा जागेवरच हाय आन् रानच मागं मागं चाललंय. लई बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

एकदा अशीच दोरी धरून चालले होते. पलीकडनं शोभाचा आवाज आला, "आक्का, झोपलाव का चाललाव?"

मी म्हटलं, "दोन्ही!"

*

उमरग्याच्या एका खानावळवाल्याचा फोन आला. "कोंबडीचं पोट बघून घेतो मी. पिसं घाण असली तर परत जाईन." झालं, शोभाला टेन्शन! मी बाजारात गेले होते. तेवढ्यात हिनं शॅम्पूच्या पुड्या फोडून बारा कोंबड्यांना आंघोळ घातली. कोंबड्या लागल्या थंडीनं कापायला. मग घरातले टॉवेल, जुने परकर, पोरांच्या बंड्या, जे हाताला लागेल त्यात एकेक गुंडाळली आन् उन्हात ओळीनं बसवली.

मी आन् खानावळवाला एकदमच पोचलो. तो त्या ओळीकडं बघतच राहिला.

"बाई, मी कोंबड्या घ्यायला आलोय का पाचवीला?"

शोभाचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यानं पिंजऱ्यातली एक बिनआंघोळीची उचलली, पिसं वर करून पोट बघितलं. रोजच्या नव्या गवतावर बसणारी ती, स्वच्छच की! पिंजऱ्यातल्या सगळ्या घेतल्या त्यानं.

जाताना म्हणाला, "बाळंतिणी तेवढ्या तुमच्या तुम्हीच सांभाळा!"

*

जनावरांचे नवे डॉक्टर लस द्यायला आले, तर बांधावर अर्धा तास इकडनं तिकडं फिरतायत. शेवटी पिंजऱ्याला टेकून मलाच विचारलं, "मावशी, इथं कोंबड्या कुठं आहेत हो?"

"तुमच्या मागं!"

"असं होय! मी वासावर शोधत होतो."

शोभानं त्यांना दोनदा चहा पाजला.

*

पिंजरा जिथनं गेला तिथलं गवत नंतर काळंभोर हिरवं येतं. बांधावर बसलं की रानात चौकोनाला चौकोन जोडलेले दिसतात, गोधडीसारखे. दुपारी शोभा तिथं बसून तंद्रीत जाते.

एकदा म्हणाली, "आक्का, असंच रोज एक पिंजरा पुढं गेलो, तर किती दिवसांत हैद्राबाद येईल?"

"आन् मग काय करायचं?"

तिनं बोटांवर कायतरी मोजलं. "मग माघारी. तवर हितलं गवत वाढलेलं असंल."

*

आन् गेल्या श्रावणात झड लागली. तीन दिवस थांबायचं नाव न्हाय. काळ्या मातीत पिंजऱ्याची चाकं निम्मी रुतली. आमी दोघी, दोघींचे नवरे, सगळ्यांनी ओढलं. पिंजरा वीतभर हलला न्हाय, दोरी मात्र तुटली! राख टाकली, भुसा टाकला, काही उपयोग न्हाय. असा वास सुटला की मलाच तिथं उभं राहवंना. झडीमुळं आप्पा आले नव्हते, तेवढाच जीवाला आधार.

चौथ्या दिवशी उघडीप पडली आन् बांधावर आप्पा दिसले. निसरडं म्हणून सून, मंगलताई, हात धरून आणत होती. तिनं लांबनंच नाकाला पदर लावला. शोभाला रडू फुटलं. "आक्का, गेला पिंजरा. दिवाळीला कोयता घासायचा बघा." मी तिचा हात धरून ठेवला.

आप्पा रोजच्यासारखे पिंजऱ्यापाशी थांबले. डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला. सोडला. परत घेतला.

"न्हाय. वास न्हाय. भाळ छलो, लई ब्येस!" म्हणाले आन् काठी टेकत एकटेच माघारी फिरले.

मंगलताई मागं रेंगाळली आन् पदराआडनं हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नका. कोरोनापासनं मामंजींना वासच येत न्हाय. घरात दूध करपलं तरी कळत न्हाय."

शोभानं डोळे पुसले. "आँ? मग रोज येतेत तरी कशाला?"

मंगलताई पदर सावरत आप्पांच्या मागं निघाली.

तेवढ्यात बांधावरनं आप्पांची हाक आली, "चाकाखाली फळ्या घाला गं! आमच्या गोठ्यात हायेत, घेऊन जावा!"