व्हाइटनर लावलेली चिठ्ठी

चिकोंडी फिरी हे नाव पालशेवाडीच्या जिभेला आठवडाभरच झेपलं. दुसऱ्या आठवड्यात तो चिकू झाला, तो आजतागायत चिकूच आहे. त्याला न्यायला रत्नागिरीहून येणारा रिक्षावालासुद्धा तिठ्यावर उभा राहून ‘चिकूचं घर कुठचं?’ असंच विचारतो.

घर खरं तर आत्माराम घवाळींचं. चिकू त्यांच्या मागच्या पडवीत भाड्याने राहतो. वय सव्वीस, गाव मालावी देशात, आणि मत्स्य महाविद्यालयात त्याच्या संशोधनाचा विषय खाडीतली कालवं. त्याला मोडकंतोडकं मराठी येऊ लागताच खाडीत कालवं काढणाऱ्या विमलाने यावरून त्याला चेष्टेवर घेतलं होतं.

“तुमच्या देशाला समिंदर हाय काय?”

“नाही. मोठं तळं आहे. गोड्या पाण्याचं.”

“मग हतली कालवां शिकून थय काय झाडाव लावशील?”

खडकावर बसलेल्या साऱ्या बायका हसल्या. चिकूही हसला. विषय सरांनी दिला होता, त्याला तो तरी काय करणार! पण तीन वर्षं ओहोटीच्या वेळी या बायकांबरोबर चिखलात उभा राहून तो मराठी शिकला, तीही अशी की कॉलेजातल्या मॅडम ऐकून गोंधळतात. तांदळाची उकड त्याला घरच्या मक्याच्या पिठासारखी लागते. आमटी मात्र त्याला अजूनही तिखट लागते आणि तो ती दोनदा मागून घेतो.

विमला महिपत भुवड ही त्या बायकांतली म्होरकी. नवरा वारून नऊ वर्षं झालेली, मुलगी चिपळूणला नांदते. ही एकटी. पण एकटी म्हणून कुणी कीव करायला गेलं तर आल्या पावली परत जाईल, अशी तिची जीभ. कालवं फोडायची आकडी तिच्या हातात असली की शिंपल्यांनी मुकाट्याने उघडावं.

तर या पालशेवाडीचा एक अभिमान होता. गेली तीस वर्षं इथे ग्रामपंचायतीची निवडणूक झालेली नाही. म्हणजे निवडणूक लागते, पण मतदान होत नाही. गावकी देवळात बसते, नाव ठरवते, बाकीचे अर्ज मागे घेतात आणि सरपंच बिनविरोध होतो. आत्मारामतात्या गावकीचे प्रमुख. आलेल्यागेलेल्याला ते हे छाती पुढे काढून सांगत. चिकूलाही पहिल्याच वर्षी एका रात्री जेवताना सांगितलं होतं.

“तीस वरसां! एक मत पडला नाय. बग कसा गाव हाय!”

चिकूला ते कळलंच नाही. त्याच्या डोक्यात निवडणूक म्हणजे उन्हातली लांब रांग आणि बोटाला शाई. एकही मत पडलं नाही, यात कौतुक कसलं? पण तो बोलला नाही. कॉलेजने बजावलं होतं, तुम्ही पाहुणे, इथल्या राजकारणात पडू नका. आणि तात्या त्याला ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसलेले. अशा माणसाच्या पंगतीला बसून त्याच्याशी वाद घालायला आपण काही इतके शहाणे नाही, असं त्याने स्वतःला समजावलं.

यंदा सरपंचाची जागा महिलेला सुटली. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की तात्यांची सून दर्शना होणार. पोरगी चांगली. बारावी झालेली, गोड बोलणारी, सासऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारी. पण त्याच सुमारास खाडीकडे उतरणारी पाखाडी पुन्हा ढासळली. जांभ्या चिऱ्यांच्या त्या पायऱ्या तीन ठिकाणी निखळल्या होत्या आणि चिमाआजी कालवांच्या टोपलीसकट घसरून खुब्यात मोडली. तिला झोळीतून वर आणलं, तेव्हा झोळीचं एक टोक विमलाच्या खांद्यावर होतं. दुसऱ्या दिवशी ती रत्नागिरीला जाऊन सरपंचपदाचा अर्ज भरून आली.

गावात एकच गजहब झाला. बाईने गावकीला न विचारता अर्ज भरला! तात्या रागावले नाहीत, दुखावले. ते जास्त वाईट. अर्ज मागे घ्यायची मुदत सोमवारी दुपारी तीनपर्यंत होती. विमला म्हणाली, “पाखाडीचा लिवून द्या, आत्ता मागं घेतंय.” लिहून देण्याची गावकीची पद्धत नव्हती. शेवटी तोड निघाली ती जुनीच. रविवारी सकाळी देवापुढे दोन चिठ्ठ्या ठेवायच्या. जिची निघेल ती सरपंच, दुसरीने अर्ज मागे घ्यायचा.

चिठ्ठी उचलायची कोणी? गुरवाने उचलायची रीत, पण गुरवाची बायको निघाली विमलाच्या माहेरची, म्हणून गुरव बाद. हरिश्चंद्र मास्तर दर्शनाचा मावसा, तोही बाद. गाव एवढंसं, कोण कुणाचा नाही? बराच खल झाल्यावर कुणीतरी म्हणालं, “चिकूला ना भावकी, ना वाडी.” आणि सगळ्यांना ते एकदम पटलं.

चिकूला पटलं नव्हतं. शनिवारी ओहोटीला तो विमलाजवळच्या खडकावर जाऊन बसला.

“काकी, मला नको वाटतं. निवडणूक अशी नसते.”

“मग कशी असता? सांग तुज्या देशातली.”

चिकूने सांगितलं. एकोणीस वर्षांचा असताना त्याने पहिल्यांदा मत दिलं. त्याचा माणूस निवडून आला. तो रस्त्यावर नाचला. मग कळलं की निकालाच्या कागदांवर कितीतरी ठिकाणी व्हाइटनर फासलेलं आहे, आकडे खोडून वर दुसरे लिहिलेले आहेत. लोक महिनोन् महिने मोर्चे काढत राहिले. शेवटी कोर्टाने अख्ख्या देशाची निवडणूक रद्द केली. निकाल द्यायला न्यायाधीश आले ते अंगात गोळी न शिरणारी जाकिटं घालून.

“जल्ला मेला ता वायटनर!” विमला म्हणाली. “आनि तू? तू मोर्च्यात व्हतास?”

“नाही. व्हाइटनर माझ्या माणसाच्या बाजूने होतं ना. मी गप्प बसलो. सहा वर्षं झाली, काकी, अजून लाज वाटते.” मग तो म्हणाला, “आणि या सप्टेंबरात तिथे पुन्हा निवडणूक झाली. मी इथे. परदेशातून मत देता येत नाही आमच्यात.”

विमलाने एक शिंपला फोडला आणि आतलं मांस त्याच्या तळहातावर ठेवलं. “खा,” म्हणाली. समजूत घालायची तिची पद्धत एवढीच.

रविवारी सकाळी सभामंडप भरला. चिकू नवा सदरा घालून, चपला लांब काढून कडेला बसला होता. दोन चिठ्ठ्या तात्यांनी स्वतः लिहून आणल्या होत्या. तात्यांचा हात कंजूस. गावकीच्या जुन्या वहीचे कोरे कोपरे फाडूनच ते असल्या चिठ्ठ्या करत. गुरवाने त्या देवापुढून तबकात बाहेर आणल्या. एकीकडे दर्शना डोक्यावर पदर घेऊन मान खाली घालून बसली होती. दुसरीकडे विमला, सरळ समोर बघत.

चिकूने डोळे मिटून एक चिठ्ठी उचलली, उघडली. देवनागरी तो अक्षर अक्षर लावून वाचतो. वि. म. ला. त्याच्या छातीत आनंद इतका उसळला की ओरडणारच होता. आणि मग त्याचं बोट कागदावरून फिरलं. नावाखाली पांढरा, सुकलेला, खरखरीत थर होता.

व्हाइटनर.

कोणालाही दिसलं नव्हतं. नुसतं मोठ्याने वाचायचं की काम झालं. काकी सरपंच, पाखाडी दुरुस्त, चिमाआजीला न्याय. समोर विमला त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत आशा होती. ती त्याने पहिल्यांदाच पाहिली आणि त्याला रडू आलं.

“तात्या,” तो म्हणाला, “यावर विमलाकाकींचं नाव आहे. पण खालचं काहीतरी खोडलंय. हे चालणार नाही.”

मंडपात कोलाहल माजला. आम्हाला लबाड म्हणतो! परका तो परकाच! कुणी म्हणालं विमलाने फितवला, कुणी म्हणालं फितवला असता तर बोलला कशाला? तात्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी हात वर केला तेव्हा गलका थांबला.

“खोडाखोड माजीच हाय,” ते म्हणाले. “लिवताना सवयीनं लिवलां, कैलासवासी म्हयपताची बायको. वहीत तसाच हाय ना. मग वाटला, सरपंच व्हायला निगाली बाई, तिचा सोताचा नाव नको? म्हनून पांडरा लावून वर नाव लिवला. यवडाच.”

त्यांनी चिठ्ठी उजेडाकडे धरली. मागून उलटी अक्षरं दिसत होती, ‘म्हयपताची’ एवढं तर स्पष्ट. हरिश्चंद्र मास्तरांनी चष्मा लावून खात्री केली. चिकूला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. म्हणजे चिठ्ठी खरी होती. तात्यांसारख्या माणसावर त्याने चारचौघांत संशय घेतला होता आणि काकीचं हाती आलेलं सरपंचपद घालवलं होतं, कारण तोपर्यंत दर्शनाच्या माहेरची माणसं उठून उभी राहिली होती: वाद झाला, आता चिठ्ठी पुन्हा टाका.

“पुन्ना टाकूची नाय,” विमला उठली. “कागुद खरा व्हता, पन पोरगो बोललो त्याच्यात खोटा काय? लोकां नुसती बगत बसली हत आनि एक चिटी ठरवता कोन सरपंच ता. मी अर्ज मागं घेनार नाय. मतां पडूदेत.”

सगळे तात्यांकडे बघू लागले. तीस वर्षांचा अभिमान म्हातारा एका घोटात कसा गिळतो, हे बघण्यासारखं होतं. मग बराच वेळ खाली मान घालून बसलेली दर्शना हळूच म्हणाली, “मामंजी, पडूदेत. मलाव पन कळूदे, मी कोनाला हवी हाय काय ती.”

त्यापुढे कोण काय बोलणार! सोमवारचे तीन वाजले आणि दोन्ही अर्ज जागच्या जागी राहिले.

पालशेवाडीत प्रचार कसा करतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं. दर्शनाला निशाणी छत्री मिळाली, विमलाला कपबशी. दोघी एकमेकींच्या घरीही मत मागायला गेल्या, आणि दोन्हीकडे चहा झाला. चिकू या सगळ्यापासून लांब राहिला. तात्यांसमोर जायचीही त्याला चोरी झाली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली, “उकड निवते हय!” तो जाऊन ताटावर बसला. माफी मागायला तोंड उघडलं तर तात्यांनी शब्द बाहेर पडूच दिला नाही. “तू परका हायेस ना, म्हनून बोललास. आपला कोन बोलला नसता. जेव.”

मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर रांग लागली. चाळिशीची माणसं गावच्या सरपंचाला पहिल्यांदाच मत देत होती. खुब्यात मोडलेली चिमाआजी खुर्चीत बसून आली आणि बाहेर येताना शाईचं बोट असं वर धरून गेली की जणू तिला पदक मिळालं. चिकू समोरच्या दगडी गडग्यावर बसून रांग बघत होता. त्याला घरची रांग आठवली. वाईट वाटलं, पण ते वाईट वाटणं त्याला बरं वाटलं.

निकाल लागला. दर्शना तीनशे, विमला दोनशे एक्याऐंशी. एकोणीस मतांनी काकी पडली.

चिकू तिच्या घरापुढच्या खळ्यात गेला तेव्हा ती सुपात तांदूळ पाखडत होती. त्याने वाटेत खूप काही जुळवलं होतं. तिथे पोचल्यावर एवढंच म्हणाला, “काकी, मी गप्प बसलो असतो तर तुम्ही आज सरपंच असता.”

“व्हय तर,” विमला म्हणाली. सूप थांबलं नाही. “आनि लोकां म्हनाली असती, चिकूचा हात बरा व्हता. आता दोनशे एक्याऐंशी मानसांनी बोट ठेवलांन माज्या नावापुडं. आज कळला मला. यवडी मानसां हत, आनि मी समजत व्हते मी एकली.” एवढं बोलून तिने डोळे पुसले आणि तांदळाचा कोंडा उडाला म्हणून सुपाला शिव्या घातल्या.

पाखाडीचं काम दर्शनाने पहिल्याच बैठकीत घेतलं. दोनशे एक्याऐंशी मतं डोक्यावर बसलेली असताना न घेऊन सांगते कुणाला?

मग शिमगा आला. देवाची पालखी घरोघर फिरू लागली. दर दारात तात्या घरधन्याचं नाव घेऊन देवाला गाऱ्हाणं घालतात, ही रीत. ढोलामागे चिकूही होता, कपाळभर गुलाल. पालखी विमलाच्या खळ्यात टेकली. गेली नऊ वर्षं इथे गाऱ्हाणं ठरलेलं होतं, ‘कैलासवासी म्हयपताच्या घरची मंडळी.’ विमला ओटीचं ताट घेऊन उभी होती. तात्यांनी वही उघडली. नवी वही होती, एकही खोड नसलेली. त्यांनी त्यातून वाचलं नाही. एकदा चिकूकडे पाहिलं, मग डोळे मिटले आणि साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“देवा म्हाराजा, विमला म्हयपत भुवड, हिच्या घराव नजर ठेव!”

“व्हय म्हाराजा!” गाव एका आवाजात म्हणाला. त्यात चिकूचा आवाज सगळ्यांत मोठा होता.