अनिपा एजेचं शून्य

तेरेक-बुलाक गावात अनिपा एजेच्या, म्हणजे अनिपाताईच्या, रागावर लोक घड्याळ लावायचे. सकाळी सहाला ती गाईवर चिडायची, सातला नवऱ्याच्या फोटोवर (तो बिचारा नऊ वर्षांपूर्वीच सुटला होता) आणि आठच्या ठोक्याला शाळेच्या स्वयंपाकघरातल्या चुलीवर. तीस वर्षं तिनं शाळेतल्या पोरांना लापशी खाऊ घातली. ताटात टाकणाऱ्याला शिव्या मिळायच्या आणि शिव्यांबरोबर आणखी एक डाव लापशी.

पण या वर्षीचा राग तसला नव्हता. गेल्या सप्टेंबरात जनावरं वरच्या कुरणांतून खाली आली, थेट झऱ्यात उतरली, आणि महिना-दीड महिन्यात शाळेतली अकरा पोरं काविळीनं पिवळी पडली. एजे चहा उकळून द्यायची, पण खेळून आलेली पोरं तिच्याच बादलीत पेला बुडवून पाणी प्यायची. तिला कुणी एक शब्द बोललं नाही. तेच तिला जास्त लागलं. यंदा जनावरं उतरायच्या आत झऱ्याला कुंपण आणि झऱ्यापासून शाळेपर्यंत नळ, एवढं झाल्याशिवाय आपण स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही, असं तिनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

राजधानीतल्या, बिश्केकच्या एका संस्थेनं नळासाठी पैसे द्यायची तयारी दाखवली. त्याआधी म्हणे अर्जातले शब्द शिकायचे! ते शिकवायला मेरिम नावाची सव्वीस वर्षांची मुलगी पांढरे बूट घालून आली.

"ना-नफा संस्था म्हणजे पैसा उरूच नये असं नाही," मेरिम म्हणाली. "उरलेला कुणी वाटून घरी न्यायचा नाही. कामातच घालायचा."

"म्हणजे माझं स्वयंपाकघर. पुढं?"

"अनुदान. हे कर्ज नव्हे, फेडायचं नाही. पण बक्षीसही नव्हे. ज्यासाठी मिळालं त्यावरच खर्च करायचं."

एजेनं सरपंच झुमाशकडे मान वळवली. "ऐकलंस ना? नळाच्या पैशाचा घोडा येत नाही."

"मी कुठं काय बोललो, एजे?"

"तू बोलायच्या आधी सांगून ठेवलं."

"पाणलोट क्षेत्र," मेरिम घाईनं म्हणाली. "ज्या उतारांवरचं पाणी एका झऱ्याला येऊन मिळतं, ते सगळे उतार."

"मग सरळ सांग की बाई, वर मेंढी मुतली की खाली आपल्या पेल्यात येतं!"

जमलेल्या बायका पदरात तोंड घालावं तसं रुमालात तोंड घालून हसल्या. मेरिमनं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

एका शब्दाचा अर्थ मात्र कुणीच विचारला नाही, कारण तो सोपा वाटला. स्थानिक वाटा. अर्जात त्याच्यापुढं रकाना होता : गावानं काय दिलं, किती सोमचं? (सोम म्हणजे तिथला रुपया.) पैसे कुणीच दिले नव्हते, म्हणून एजेनं तिथं ठसठशीत शून्य काढलं आणि जूनअखेर अर्ज पाठवला.

जुलैत उत्तर आलं. 'लोकसहभाग आढळत नाही. अर्ज नामंजूर. फेरविचार हवा असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे.'

त्या दिवशी गाय आणि फोटो दोघंही वाचले. एजे ते पत्र मुठीत चुरगळून जिल्ह्याच्या गावी संस्थेच्या कचेरीत मेरिमच्या टेबलापुढं उभी राहिली.

"सहभाग आढळत नाही? अगं, जूनमध्ये तीन किलोमीटर चर खणलाय आम्ही! प्रत्येक घरातून एक माणूस, एक फावडं. आशार केला आशार! मेंढा कापला, दोन कढया बोरसोक तळले!"

"मग एजे, शून्य का लिहिलंत?" मेरिम रडवेली झाली. "चर खणला, हाच तर तुमचा वाटा. दिवसाच्या मजुरीनं गुणून लिहायचा होता."

"मजुरी?" एजेचा आवाज एकदम खाली आला. तो खाली आला की शाळेत पोरं बाकाखाली शिरत. "आशारची मजुरी? पाहुणा जेवून उठला की तू दारात बिल घेऊन उभी राहतेस का?"

"वरच्या लोकांना आशार दिसत नाही, एजे. रकाना दिसतो."

एजे परतीच्या गाडीत वाटभर धुमसत होती. शहरातल्यांवर, रकान्यावर आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या हातावर. शून्य तर तिनंच काढलं होतं.

कोण किती दिवस खणत होतं, हे विचारत दोन दिवस ती घरोघर फिरली. लोक हात झटकू लागले. गावचे वडीलधारे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सातारकुल आक्साकाल तर पायरीवरून उठलेच. "माझ्या फावड्याला भाव लावतेस, अनिपा? तुझ्या नवऱ्याचं घर बांधलं तेव्हा लावला होता मी?"

"नाही लावला, बाबा. मलाही लावायचा नाही. फक्त किती दिवस खणलं ते सांगा. पोरं परत पिवळी पडली तर त्याचा हिशेब कोण देणार, तुम्ही?"

म्हातारा पुन्हा पायरीवर बसला. "तीन दिवस," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी दुपारनंतर कंबर धरली. तो अर्धाच धर."

आक्साकालांनी अर्धा दिवस सोडला म्हटल्यावर बाकीच्यांची जीभ सुटली. शुक्रवारी एजेनं अर्जात लिहिलं : दोनशे चौदा दिवस आणि एक अर्धा. 'सोम' हा शब्द तिनं कागद फाटेल इतक्या जोरात खोडला. "पुढचं पाप तू कर," असं म्हणून अर्ज मेरिमच्या अंगावर टाकला. मेरिमनं मान खाली घालून गुणाकार केला.

ऑगस्टअखेर झऱ्याला कुंपण झालं आणि नळ आले. ते चरात उतरवायला सगळा गाव पुन्हा जमला, आणि मेरिमही आली. पांढऱ्या बुटांऐवजी कुणाचे तरी रबरी गमबूट घालून. संध्याकाळपर्यंत तिनं माती लोटली. हाताला फोड आले. शाळेच्या भिंतीशी तोटीतून आधी फुसकारा, मग गढूळ आणि मग स्वच्छ पाणी आलं.

एजे वही-पेन्सिल घेऊन मेरिमसमोर उभी राहिली. "बोल. तुझी आजची मजुरी किती लिहू?"

मेरिम कानापर्यंत लाल झाली. "एजे! असं काय बोलता हो? मी काय मजुरीसाठी आले होते?"

"हं," एजे म्हणाली आणि वही मिटली. "जा, ते तुझ्या वहीत 'आशार'पुढं लिही. आणि फावडं धुऊन ठेव, असं मातीचं टाकायचं नाही!"

मग ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. थोड्याच वेळात चुलीला शिव्या ऐकू येऊ लागल्या.