इरफानच्या फाइलमधली रिकामी जागा

इरफानला मी पाच महिने लटकवून ठेवलं.

मग तो गेला. आज वर्ष झालं.

तुम्हाला तो कॉलेजातला कॉम्प्युटरचा सर म्हणून माहीत. आम्हा दोघांचं वेड वेगळंच होतं. आकड्यांची न संपणारी रांग आत येते, दुसरी न संपणारी रांग बाहेर पडते. हे काम करणारं फंक्शन टाइप थिअरीत, म्हणजे प्रोग्राम आणि त्याची सिद्धता एकत्रच मांडणाऱ्या गणितात, असं लिहायचं, की ते अडकणार नाही हे कॉम्प्युटरनंच तपासून सांगावं.

एकदा बिद्रीच्या साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमागं आमची गाडी अडकली. हा मागं बसून ओरडतोय,

"संद्या, ही रांग संपायची वाट कारखाना बघतोय व्हय? गव्हाणीत थोडा ऊस पडला की थोडा रस निघतोय. आपलं फंक्शन कंटिन्युअस म्हंजे एवढंच की लेका!"

त्याचं फंक्शन म्हणजे एक झाड. प्रत्येक फांदीवर दोनच गोष्टी. अजून एक आकडा घे, नाहीतर उत्तर दे. नुसतं घेत राहायचं नाही.

त्याला अशी दोन झाडं जोडायची होती. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या आत. जोडल्यावरही काही अडकत नाही, एवढं सिद्ध करायचं होतं.

तेवढ्यात लिव्हरचं निघालं. ॲडमिट झाला.

बेडवरून फाइल तुकड्या-तुकड्यानं पाठवायचा. खाली एकच ओळ.

"एवढ्याचंच सांग."

आणि मी? "भावा, सगळं पूर्ण होऊ दे. एकदम बघतो."

सगळं यायची वाट बघणारं फंक्शन कधीच उत्तर देत नाही, हे मी पोरांना फळ्यावर शिकवतो. मी!

वर्षभर फाइल उघडायची हिंमत झाली नाही. काल दुपारी उघडली.

पहिल्याच तुकड्यात एक जागा रिकामी. शेजारी लिहिलंय, "इथं संद्याला विचारायचं." पुढचं सगळं त्या रिकाम्या जागेच्या भरवशावर लिहिलेलं.

मला वीस मिनिटं लागली. तीन ओळी. तो दोन्ही झाडं एकदम उतरायला बघत होता. आधी दुसरं धरायचं, मग त्याच्या आत पहिलं. बस.

कॉम्प्युटरनं काही कुरकुर न करता मान्य केलं. मी टेबलावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडलो.

मग वेड्यासारखं त्याच्याच नंबरवर पाठवलं.

थोड्या वेळानं भाभीचा फोन.

"संदीपभाऊ, तुमचं कायतरी आलंय. त्यांना पायजे होतं ते हाय का हे?"

"व्हय भाभी."

मग म्हणाली,

"शेवटपर्यंत इचारत हुते. संद्याचं आलं का बघ म्हणून."

मी काय करू आता? सांगा कुणीतरी. झोप नाही, जेवण जात नाही. वीस मिनिटं होती रे फक्त.

भावपूर्ण वगैरे लिहायला हात धजावत नाही. मला तो हक्कच नाही.

इरफान, संद्याचं आलंय.

माफ कर भावा.