दिवाणजी, कॉम्प्युटर आणि लाल वही

मला सांगा, विश्वास कुणावर ठेवायचा? पंचवीस वर्षं दुकान सांभाळणाऱ्या दिवाणजीवर, का तीन महिन्यांपूर्वी टेबलावर येऊन बसलेल्या कॉम्प्युटरवर? शाहूपुरीतल्या माझ्या बेअरिंग-पट्ट्यांच्या दुकानात सुट्या नटांसारखे किस्से साठलेत. कुठलाही डबा हलवा, वाजतोच!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. व्हायरसनं आमच्या मालाच्या याद्या खाल्ल्या. कागल एमआयडीसीत नोकरीला असलेला माझा भाचा अजित आला आणि त्यानं कडक बंदोबस्ताची ऑपरेटिंग सिस्टीम घातली. "मामा, ही पावलापावलाला झडती घेते!"

आमचे दिवाणजी दत्तोबा म्हणाले, "पन्हाळ्याला दरवाजे हायत, ते शत्रू यायचा म्हणून. आपल्या भावपत्रकावर कोण चाल करून येतंय?"

*

पासवर्ड कुणाला दिसू द्यायचा नाही, ही अजितची ताकीद. दत्तोबा गिऱ्हाइकाला म्हणायचे, "पावणं, जरा भिंतीकडं तोंड करा." आणि मग एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाईप करायचे!

एकदा मशीन उघडेना. भिंतीकडूनच आवाज आला, "दिवाणजी, शेवटी सात हाय. तुम्ही आठ म्हटलासा."

*

बंदोबस्त झाला, पण यादी उघडता उघडेना. मापागणिक आमची यादी वेगळी, फाईल वेगळी. एकदा बिद्रीचं गिऱ्हाईक पट्टा मागायला आलं. दत्तोबांनी फाईलवर क्लिक केलं, उठून पट्टा काढला, बांधून दिला. गिऱ्हाईक एसटीत बसलं असेल तेव्हा कॉम्प्युटरनं सांगितलं, पट्टा शिल्लक आहे!

अजितनं रॅम वाढवली, सगळं पुसून पुन्हा घातलं. फरक शून्य. शेवटी मी एक लाल वही ठेवली. मशीनवर बसेल त्यानं फाईल उघडायला किती मिनिटं लागली ते लिहायचं.

*

आठवड्यानं अजितनं वही वाचली. "मामा, दिवाणजी बसले की सकाळी एक मिनिट, दुपारी सहा, चार वाजता अकरा. तुम्ही बसलात त्या दोन दिवसांपुढं मात्र 'लगेच'. मशीन चांगलं आहे. माणूस बदला."

आता तुम्हाला म्हणून सांगतो. त्या दोन दिवसांत मी यादी उघडलीच नव्हती. जे उघडलं होतं त्यात राजा, राणी आणि गुलाम होते!

दत्तोबांनी ऐकलं. चष्मा काढून डबीत ठेवला. एरवी टेबलावर असणारी डबी खिशात घातली. खरं ते मी दाबून ठेवलं. एवढंच म्हणालो, "अजित, उद्या दिवसभर त्यांच्याशेजारी बस. मग बघू."

*

अजित बसला. चार वाजता ओरडला, "दिवाणजी, एकतीस फायली उघड्या! सकाळपासून एकही बंद केली नाही? ही सिस्टीम प्रत्येक फाईलवर पहारा ठेवते. एकतीस पहारेकरी उभे केलेत तुम्ही!"

"दिवेलागणीआधी मिटू कशी?"

"कुणी सांगितलं मिटायची नाही म्हणून?"

"कामाला लागलो त्या दिवशी मालकांनीच की! उघडलेली वही दिवसा मिटली तर दुकानाची बरकत जाती म्हणालं."

अजितनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं.

बरकतीपुरती एक ठेवून त्यानं तीस फायली मिटल्या, एक नवी उघडली. चुटकीसरशी उघडली! दत्तोबांनी खिशातली डबी काढली, चष्मा चढवला आणि लाल वही माझ्यापुढं सरकवली.

"मालक, त्या दोन 'लगेच'पुढं पत्ते असं लिवा. वही खरी पाहिजे."